सात वाजता बंद पडणारा प्लेअर

आप्पा, म्हणजे माझे वडील, निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्या मेंटेनन्स खात्यानं त्यांना ब्लू-रे प्लेअर भेट दिला. कंपनीची जुनी रीत भिंतीवरचं घड्याळ द्यायची. आयुष्यभर शिफ्टच्या भोंग्यावर धावलेल्या माणसाला घरी पाठवताना घड्याळ देण्याची कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली असेल, देव जाणे. पण आप्पांचा पिक्चरचा नाद सगळ्या शॉपला, म्हणजे मशीनच्या विभागाला, माहीत होता, म्हणून त्यांच्यासाठी रीत मोडली. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की हे यंत्र इंटरनेटला जोडता येतं. सोबत एक डिस्क होती, युद्धाच्या पिक्चरची.

त्या समारंभाला आई आणि मी पहिल्या रांगेत बसलो होतो. भाषणांमध्ये मधूनमधून उंदरांचा उल्लेख यायचा आणि मागच्या रांगा खो खो हसायच्या. आम्हाला काही कळेना. शेवटी वेफर्स आणि सामोसे खाताना एका ऑपरेटरनं उलगडा केला. शॉपमध्ये कुणी मशीनमध्ये चुकीचा आकडा टाकून टूल आदळायचा, कुणी पॅनलवर चहा सांडायचा आणि मशीन बंद पडायचं. चूक करणारा कायम कामगार असला तर त्याला मेमो मिळायचा, कंत्राटी असला तर दुसऱ्या दिवशी गेट बंद. आप्पा मशीन दुरुस्त करायचे आणि ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये 'कारण' या रकान्यात लिहून टाकायचे, उंदरानं वायर कुरतडली. वरच्या साहेबांनी पिंजरे लावले, औषध टाकलं, एक वर्ष तर मांजर पाळलं. उंदीर एकही सापडला नाही.

"पण आप्पांचा कायदा कडक, बरं का काकू," तो ऑपरेटर आईला म्हणाला. "एका माणसाला एकच उंदीर. दुसऱ्यांदा घोळ घातला तर खरं कारण वर जाणार. माझा उंदीर लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात वापरून झाला. तेव्हापासून मी सरळ."

मला तेव्हा ही नुसती गंमत वाटली होती.

घरी आल्यावर आप्पांनी प्लेअर बसवायला दोन दिवस घेतले. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे नेट, वायफाय वगैरे विषय घरात माझ्याकडे. मी म्हटलं, वायफायवर जोडून देते, पाच मिनिटांचं काम आहे. आप्पांना ते पटेना.

"जे दिसत न्हाई त्याचा बिघाड कसा शोधायचा?" ते म्हणाले.

मग बेडरूममधल्या राउटरपासून हॉलमधल्या टीव्हीपर्यंत त्यांनी केबल ओढली. भिंतीवर पांढरी पट्टी ठोकली, दर वीतभर अंतरावर खिळा, कोपऱ्यात सुबक वळण. केबलच्या दोन्ही टोकांना नंबर लिहिलेल्या छोट्या नळ्या चढवल्या, कारखान्यातल्या पॅनलमध्ये असतात तशा. घरात प्लेअरला जाणारी केबल एकच होती, तरी तिला नंबर एक होता.

इंटरनेट आल्यावर त्या यंत्रातून जे काय बाहेर पडलं ते फारसं कामाचं नव्हतं. निम्म्या खिडक्या उघडल्या की ही सेवा आपल्या भागात उपलब्ध नाही, असं म्हणून माफी मागायच्या. डिस्क घातली की ती आधी नेटवर जाऊन यायची आणि केव्हाच येऊन गेलेल्या पिक्चरच्या जाहिराती 'लवकरच' म्हणून दाखवायची. हवामानाची एक खिडकी मात्र चालायची, पण तिच्यात शहर होतं टोरांटो आणि ते काही केल्या बदलेना. आप्पांनी चार दिवस खटपट केली आणि मग टोरांटोच दत्तक घेतलं. सकाळी चहा पिताना सांगायचे, "आज उणे अकरा हाय तिकडं. माणसं कामावर जात असतील का गं?" आमच्या मोशीत बाहेर ऊन रणरणत असायचं.

खरी अडचण प्लेअरची नव्हती, आप्पांच्या रिकाम्या हातांची होती. पस्तीस वर्षं मशीन उघडलेला माणूस घरी बसला की घराचं काय होतं ते आम्ही पाहत होतो. त्यांनी सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. कपाटाचे स्क्रू इतके आवळले की दारं उघडेनात. आईच्या मिक्सरला त्यांनी 'पुढील तपासणी'ची चिठ्ठी लावली. आता त्यांचा सगळा जीव एका गोष्टीत अडकला होता. आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप, लिफ्ट आणि जनरेटर यांची देखभाल कुणाकडे द्यायची, हे येत्या सभेत ठरणार होतं. चेअरमन, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, बाहेरची एजन्सी आणा म्हणत होते. आप्पा म्हणत होते, मी आहे ना.

"ते काम त्यांना मिळू दे रे देवा," आई म्हणायची, "नाहीतर उद्या माझ्या कुकरच्या शिट्टीला नंबर पाडतील."

हसायची, पण मनापासून म्हणायची. रोज सकाळी आप्पा सवयीनं सहाला दाढी करून तयार व्हायचे आणि मग जायचं कुठं, हे न कळून गॅलरीत उभे राहायचे. ते बघवत नसे.

आता माझ्या पापाकडे येते.

घरात टीव्ही एक. आईची मालिका संध्याकाळी सातला. आप्पा पाचच्या चहानंतर युद्धाची डिस्क लावायचे आणि शेवटची लढाई बरोबर सातच्या सुमाराला रंगात यायची. तोच पिक्चर, रोज. आई म्हणायची, अहो, शेवट पाठ झालाय तुम्हाला. आप्पा म्हणायचे, युद्ध मधीच सोडून जातेत व्हय? आई स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची.

एका रविवारी मी प्लेअरचं माहितीपुस्तक चाळत होते. त्यात लिहिलं होतं, प्लेअर आणि फोन एकाच नेटवर्कवर असतील तर फोनचा रिमोट करता येतो. आप्पा भाजी आणायला गेले होते. मी ॲप उतरवलं, टीव्हीवर परवानगी विचारली गेली, मी 'होय' दाबलं. मग आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींना एकमेकींचं मन कळायला शब्द लागत नाहीत, विशेषतः मनात काही काळंबेरं असेल तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सात वाजता, मी बेडरूममध्ये कपड्यांच्या घड्या घालता घालता फोनवर बोट टेकवलं आणि लढाई बंद पडली. नुसती थांबली नाही, प्लेअरच बंद. आता ते यंत्र पुन्हा चालू करायचं म्हणजे एक सोहळा. आधी ते जागं होणार, मग डिस्क वाचणार, मग नेटवर जाऊन येणार, मग जगातल्या सगळ्या भाषांत कॉपी करू नका म्हणून दटावणार. तोवर आई पदर खोचून सोफ्यावर हजर. "लागेपर्यंत माझं बघते हं जरा." आणि तो 'जरा' अर्ध्या तासाचा. मला त्या दिवशी कांदाभजी मिळाली.

तीन आठवडे आमचं राज्य सुखाचं चाललं. चाकणहून येणारी कंपनीची बस आळंदी फाट्याला अडकली की माझा फोन घरच्या नेटपासून लांब राहायचा आणि पिक्चर चालूच राहायचा. एकदा असं झाल्यावर आईनं जेवताना माझ्या ताटात भाजी अशी वाढली की मी समजायचं ते समजले. तिच्याही फोनवर ॲप टाकून दिलं. जी बाई सिलिंडर नोंदवायलासुद्धा मला हाक मारते, ती दहा मिनिटांत शिकली. तेव्हापासून बंद पडण्यात एक दिवसाचाही खंड नव्हता.

आम्हाला नडला तो आमचा वक्तशीरपणा. चोरानं कधी घड्याळ पाहून चोरी करू नये. एक दिवस सहा पन्नासला, एक दिवस सव्वासातला केलं असतं तर आप्पा व्होल्टेजला शिव्या घालून गप्प बसले असते. पण मी क्वालिटीची माणूस, सात म्हणजे सात. आप्पांनी चौथ्याच दिवशी एक वही घेतली, पट्टीनं रकाने आखले. तारीख, वेळ, बिघाड, कारण, उपाय आणि शेवटी ऑपरेटरची सही. कंपनीत ऑपरेटरनं सही केल्याशिवाय बिघाडाची नोंद पूर्ण होत नसे. वेळेच्या रकान्यात सात, सात, सात, सात असे आकडे खाली उतरत गेले. कारणाचा रकाना कोरा.

"चालणारं मशीन आन् बंद पडणारं मशीन, ह्यांच्यात फरक काय ते बघायचं," ते मला समजावून सांगत. "बिघाड तिथंच घावतो."

मी मान डोलवायचे. फोन माझ्या खिशात असायचा.

त्यांनी प्लग बदलला, बोर्ड बदलला, एक्स्टेन्शन लावून स्वयंपाकघरातून वीज आणली. केबलला हात लावला नाही. आपण स्वतः ओढलेल्या केबलवर माणूस संशय घेत नाही. पोटच्या पोरीवरही घेत नाही.

आणि मग एके दिवशी सात वाजता प्लेअर बंद पडला तेव्हा आप्पा टीव्हीकडे नाही, ट्यूबलाइटकडे बघत होते. ट्यूब लुकलुकली. खाली, आमच्या खिडकीच्या मागेच, सोसायटीचा पंप रोजच्यासारखा सुरू झाला होता. सात वाजता. टाकीत पाणी चढवायला.

"घावला!" आप्पा ओरडले.

इतकं खूश मी त्यांना निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला 'का' असा प्रश्न पाच वेळा लिहून पाच उत्तरं काढली. पंपाची मोटर जुनी, सुरू होताना जास्त वीज ओढते, व्होल्टेज पडतं, नाजूक यंत्र घाबरून बंद होतं. सगळं तर्काला धरून होतं. एवढं सुंदर खोटं उत्तर मी माझ्या कंपनीतही पाहिलं नाही, आणि तिथे महिन्याला चार तरी बघते.

ते सरळ चेअरमनकडे गेले. पंप सदोष आहे, लोकांच्या घरातल्या वस्तू बिघडवतोय, नवा घ्यावा लागेल. चेअरमन म्हणाले, "आप्पा, पुरावा लागेल. रविवारच्या सभेत सगळ्यांसमोर दाखवा. पंप दोषी निघाला तर देखभाल तुमच्याकडे, मी स्वतः सूचना मांडतो."

आप्पा घरी येऊन हे सांगत होते तेव्हा आईच्या हातातली पळी कढईतच राहिली.

त्यानंतरचे तीन दिवस आई आणि मी भांडलो. तू सांग. नाही, तू सांग. कल्पना कुणाची होती? भजी कुणी खाल्ली? मालिका कुणाची होती? मी मनात हिशेब मांडत होते. सभा खालच्या हॉलमध्ये, तिथे टीव्ही सोसायटीचा, आप्पा फक्त प्लेअर नेणार. बिघाड विजेचा आहे, नेट कशाला, म्हणून केबल घरीच राहणार. म्हणजे तिथे माझा फोन निकामी. सात वाजणार, पंप सुरू होणार, प्लेअर चालूच राहणार आणि आप्पा सगळ्या सोसायटीसमोर खोटे ठरणार. आधीच गुपचूप माझ्या फोनच्या नेटवर प्लेअर जोडून ठेवला असता तर तिथेही तो बंद पाडता आला असता. मी हाही विचार केला, खोटं कशाला बोलू. पण मग एका निर्दोष पंपाला शिक्षा आणि नव्या पंपाची वर्गणी पन्नास घरांच्या माथी. इतका बनेलपणा माझ्यात नव्हता.

शनिवारी संध्याकाळी मनाचा हिय्या करून मी आप्पांकडे गेले. ते आरशासमोर उभे होते. कंपनीचा फिकट निळा शर्ट कडक इस्त्री करून दाराला टांगला होता. "माननीय चेअरमन साहेब आणि सभासद बंधू-भगिनींनो," असं ते आरशाला सांगत होते. मला पाहून लाजले आणि म्हणाले, "भगिनी आधी म्हणावं का बंधू?"

"भगिनी आधी," मी म्हटलं आणि परत आले. माझी आजवरची सगळ्यात भेकड संध्याकाळ ती.

रविवारी आप्पांनी प्लेअर टॉवेलमध्ये गुंडाळून खाली नेला. हॉल भरला होता. एरवी सभेला दहा माणसं येत नाहीत, पण फुकट पिक्चर म्हटल्यावर पोरंबाळंही आली. आप्पांनी पंपाच्याच लाइनवर जोड घेतला, लढाईच्या आधीपासून पिक्चर लावला आणि छान बोलले. 'का' पाचही वेळा समजावून सांगितला. लोक माना डोलवत होते. आई आणि मी भिंतीला टेकून उभ्या होतो.

सात वाजले. पंप घरघरला. ट्यूब लुकलुकली. पडद्यावर तोफा धडाडत राहिल्या.

"एक मिनिट थांबा," आप्पा म्हणाले.

एक मिनिट गेलं. पंप बंद करून पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा. सैनिक एकामागून एक टेकडी चढत होते. आमच्या घरात तीन आठवडे जवळजवळ रोज सातला तुटणारा तो शेवट अख्ख्या सोसायटीनं पाहिला. तिसऱ्या मजल्यावरचे एक जण म्हणाले, "आप्पा, पंप घाबरला वाटतं तुम्हाला." पोरं हसली, मग मोठीही हसली. आप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला वाटलं, जमीन फाटावी, पण त्या हॉलची फरशी त्यांनीच जातीनं उभं राहून बसवून घेतली होती.

मग ते वाकले आणि प्लेअरच्या मागे पाहू लागले. त्यांना मी हेच करताना लहानपणापासून पाहिलं आहे. फरक काय ते बघायचं. त्यांचा हात विजेच्या वायरवरून सरकत केबलच्या रिकाम्या खाचेपाशी आला आणि तिथे थांबला. घरी तिथे एक नंबरची केबल असायची. इथे नव्हती. ते हळूहळू सरळ झाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या हातातल्या फोनकडे. मी फोन घाईघाईनं पर्समध्ये टाकला. कबुलीजबाब द्यायला मला तीन दिवस जमलं नव्हतं, तो असा एका सेकंदात देऊन झाला.

आप्पांनी प्लेअर बंद केला.

"चेअरमन साहेब," ते म्हणाले, "पंप चांगला हाय. चूक माझी. आमच्या घरी उंदीर झालाय. वायर कुरतडली आसंल त्यानं. मला कळाय पायजे हुतं."

हॉलमध्ये हशा उसळला. मेंटेनन्सवाल्याच्या घरात उंदीर, आणि यांना पंप द्यायचा म्हणे! चेअरमन सज्जन होते, ते हसले नाहीत. पण त्यांनी एजन्सीचा ठराव वाचला आणि हात वर करायला सांगितलं. सगळ्यांचे हात वर गेले. आप्पांनीही वर केला. माझा मात्र वर जाईना. मला रडू आलं होतं आणि ते लपवायला मी टॉवेलची घडी घालत बसले.

घरी आल्यावर आप्पांनी प्लेअर जागेवर ठेवला, केबल लावली, टोरांटोचं हवामान पाहिलं. मग वही काढली, चष्मा लावला आणि तीन आठवडे कोऱ्या राहिलेल्या कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एक कंस काढून लिहिलं, उंदीर. उपायाच्या रकान्यात लिहिलं, संध्याकाळी सातला आईची मालिका. मग वही माझ्याकडे सरकवली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. ऑपरेटरची सही.

"आप्पा, मी उद्या चेअरमनला जाऊन खरं सांगते," मी म्हटलं.

"न्हाई सांगायचं. एकदा उंदीर लिहिला की लिहिला." पेन त्यांनी माझ्या हातात दिलं. "पर एका माणसाला एकच. म्हाईत हाय नव्हं?"

मी सही केली. अक्षर काही नीट आलं नाही. आप्पांनी वही परत ओढून घेतली, सही निरखून पाहिली आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं हाक मारली.

"अगं, भाईर ये. दुसऱ्या उंदराची सही राह्यलीया."

आतली भांडी एकदम गप्प झाली. मग आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि कुठं करायची, असं विचारून माझ्या सहीखाली तिनं सही केली.